आईचं पथ्य

जालन्याच्या डॉक्टरांनी आईच्या गुडघ्यांचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सरळ सांगितलं, "आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन. नाहीतर अंथरूण धरतील." पथ्यही सांगितलं: ज्वारीची भाकर, पातळ वरण, पालेभाजी, बिनसाखरेचा चहा.

आई खो खो हसत सुटली. "साहेब, हेच तर जन्मभर खाल्लं म्या. तव्हा कुणी फी न्हाई घेतली."

मलाही हसू आलं, पण लगेच मनात आलं, ही काही ऐकायची नाही.

आई मजुरी करायची. गावातल्या किराणा दुकानात आमच्या लोकांनी ओट्याखाली उभं राहायचं, मालाला हात लावायचा नाही. दुकानदार वरून पुडी टाकायचा. मला शाळेत नोकरी लागली, तीर्थपुरीत घर केलं आणि तिला घेऊन आले. तेव्हापासून महिन्याचं सामान जालन्याच्या मॉलमधून. तिथे ती ढकलगाडी घेऊन ऐटीत फिरते, प्रत्येक पुडा उचलते, दाबून बघते, वास घेते. 'एकावर एक फुकट' दिसलं की दोन्ही गाडीत. खारी, फरसाण, गुलाबजामचं पीठ. तेलाचा अख्खा डबाच घरात म्हटल्यावर फोडणीला हात कोण आखडणार? संध्याकाळी टीव्हीसमोर फरसाण, आणि रात्री पातेल्यात उरलेलं वाया जाऊ नये म्हणून तेही तीच संपवते. मीही काही काटकुळी नाही. खाण तशी माती.

त्या दिवशी दवाखान्यातून आम्ही तिथेच गेलो. माझं डोकं आधीच तापलेलं. तिने गाडीत टाकलेलं एकेक मी परत फळीवर ठेवत गेले. तिने पुन्हा फरसाणाकडे हात नेला तशी मी सगळ्यांदेखत ओरडले, "हात लावू नको त्याला!"

आई दुखऱ्या पायांवर तशीच उभी राहिली. मग हळू म्हणाली, "लई वर्षं झाले, असं कुणी म्हणलं न्हाई मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पथ्य पाळायला लावायचं म्हणजे रोज त्या दुकानदारासारखं तिच्यासमोर उभं राहायचं, आणि ते माझ्याच्याने व्हायचं नाही, हे तिथेच कळलं. मी फरसाणाचे दोन्ही पुडे गाडीत ठेवले.

ऑपरेशन काही झालं नाही. आता ती पलंगावरूनच सामान सांगते, आणि मी मुकाट्याने आणून देते.