मेन पॅनलसमोरची तीन फूट जागा

नेरच्या बाहेर एका सहकारी जिनिंगात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, नीळकंठ वायरमन होता. त्याच्या घराण्यात तीन पिढ्या खुर्चीच्या. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, थोरला भाऊ बँकेत. हातात पकड धरलेला हा एकटाच. घरी पाहुणे आले की वडील सांगत, "हा जिनिंगात असतो," आणि कोणी पुढचं विचारायच्या आत चहा मागवत.

नीळकंठची जगाकडे एकच मागणी होती. ट्रान्सफॉर्मरची वीज ज्या लोखंडी कपाटात उतरते, त्या मेन पॅनलसमोर तीन फूट जागा रिकामी हवी. दार पुरतं उघडावं आणि ठिणगी उडालीच तर आत हात घातलेल्या माणसाला मागे सरकता यावं, एवढ्यासाठी. एकदा सरकता आलं नव्हतं, मागे सरकीची पोती होती. उजव्या हाताची कोपरापर्यंतची कातडी तेव्हा गेली.

पण रिकामी जागा दिसली की जिनिंगात कोणाला चैन पडत नसे. पोती, तुटके पट्टे, एकदा तर उपाध्यक्षांच्या मुलीच्या लग्नातली कढई. शेवटी नीळकंठने फरशीवर पिवळा चौकोन रंगवला. पूर्वी लोक सामान कुठेही टाकत. आता नेमकं चौकोनात ठेवू लागले.

"आखून देल्लं ते बरं केलं," मॅनेजर देवीलाल म्हणाला. "माही गाडी आता तिरपी नाई लागत."

दोन हजार पाचचं साल. कापसाचा भाव उतरला होता, खरेदी लांबत चालली होती, आणि दर आठवड्याला कुठलं ना कुठलं सरकारी पथक येऊन शेतकऱ्याला 'कसं वाटतं' विचारून जात होतं. अशा वर्षी खरेदीचा मुहूर्त दणक्यात झालाच पाहिजे, असं अध्यक्षसाहेबांनी ठरवलं. काट्याची पूजा, पहिल्या गाडीवाल्याला शेला-नारळ, मशीनचं बटण, मग भाषण. गोदामात मागच्या सालच्या कापसाच्या गाठी, अंगणात गाड्या. मोकळा तेवढा पिवळा चौकोन.

"सोफा तिथंच लावा," देवीलाल म्हणाला.

"देवीलालभाऊ, मंग दार उघडत नाई."

"मुहूर्ताच्या दिवशी तुले दार कायले उघडाचं आहे?"

"वीज काय पंचांग पाहून जळते?"

"शुभ दिवशी अभद्र बोलू नको राजा!"

सोफ्याची पाठ पॅनलला टेकली. अध्यक्षांच्या डोक्यामागे धोक्याची लाल कवटी दिसू लागली. ते बरं दिसेना म्हणून मंडपवाल्याने तिच्यावर झेंडूचा हार चढवला.

पहिली गाडी तांड्यावरच्या फुलचंदची. दोन दिवस रांगेत काढलेला माणूस. शेला खांद्यावर पडला तसा तो म्हणाला, "साहेब, सत्कार मंग करा, आधी माप घ्या ना!" लोक हसले. अध्यक्षांनी बटण दाबलं. सगळी यंत्रं एकदम धडाडली, वर मंडपाचे दिवे, वर भोंगे. गुडघा दुखत असल्याने अध्यक्षांनी बसूनच माईक धरला. "शेतकऱ्याच्या पाठीशी मी ठामपणे उभा आहे…"

नीळकंठला जळक्या रबराचा वास आला. तो धावत सोफ्यापाशी गेला.

"साहेब, उठा."

"बोलू दे रे."

"मागं जळून राह्यलं साहेब, उठा!"

"याले कोणी पाठवलं?" अध्यक्षांनी माईकवरच विचारलं. "चांगल्या कामात दरवर्षी असाच एक उभा करतेत!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात फुलचंद ओरडला, "साहेब, तुमच्या डोक्यातून धूर निंघून राह्यला!"

यालाही टाळ्या पडल्या. उठलं कोणीच नाही. दहा पावलांवर कापसाच्या साठ-सत्तर गाड्या उभ्या होत्या. नीळकंठने सोफ्याचा एक पाय धरला, फुलचंदने दुसरा, आणि दोघांनी तो अध्यक्षांसकट आडवा केला. दार वीतभर उघडलं. नीळकंठने तोच भाजका हात आत घालून हँडल ओढलं. यंत्रं थांबली, माईक मेला. झेंडूचा हार तेवढा धुमसत राहिला.

चौथ्या दिवशी त्याला नोटीस आली: मान्यवरांस आसनावरून पाडणे व मुहूर्तात व्यत्यय आणणे.

"माफी मागतो साहेब," नीळकंठ केबिनमध्ये उभा राहून म्हणाला. "लिहूनही देतो. पण त्या जागेले जाळी ठोका. जाळीच्या दाराले कुलूप, अन् किल्ली माह्यापाशी."

देवीलालने तोंड उघडलं होतं. पण अध्यक्षांच्या कोटाला पाठीवर रुपयाएवढं जळकं भोक पडलं होतं, आणि ते घरून निघताना बायकोने त्यांना दाखवलं होतं. "ठोका जाळी," अध्यक्ष म्हणाले.

पंधरा दिवसांत जाळी लागली. जाळीबरोबर पाटीही लागली: 'मा. अध्यक्षांच्या दूरदृष्टीतून साकार झालेली मोकळी जागा.' पाटी लागली म्हणजे उद्‌घाटन आलंच. चाळीस माणसं, फोटोवाला, पेढ्यांचं ताट, आणि तोच सोफा.

"उघड रे नीळकंठ," अध्यक्ष म्हणाले. "सगळे आत उभे राहू. फोटो झकास निंघते."

नीळकंठने पँटचे खिसे चाचपले, शर्टाचा खिसा उलटा केला.

"किल्ली हरपली साहेब."

"अशी कशी हरपली? आता तं दाखवली तू!" देवीलाल डाफरला.

"एवढ्या गर्दीत, भाऊ… काय सांगावं."

शेवटी फीत बाहेरूनच जाळीला बांधली आणि बाहेरूनच कापली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नीळकंठला मात्र वाजवता येईनात. उजवी मूठ त्याने घट्ट मिटली होती, आणि किल्लीचे दाते तळव्यात रुतत होते.