एकोणीस नंबरची फ्रेम

सुनंदा काल गेली. आज सकाळी सरांनी तिला श्रद्धांजली वाहिली, तिनेच काढलेला फोटो टाकून. खाली नाव स्वतःचं.

लोकांनी हात जोडलेत. एकाने लिहिलंय, "सर, काय फ्रेम आहे!"

फ्रेमचं मी सांगतो. मी तिथे होतो.

नव्वदचं दशक. वाशीतला फोटोग्राफीचा क्लास. मी बारावी नापास, फुकटात कॅमेरा हाताळायला मिळतो म्हणून आलेला. सुनंदा बोनकोड्याची, तोंडाने फटकळ. सर आम्हाला वाशी स्टेशनची नवी इमारत दाखवायला घेऊन गेले. विषय, शहरातली कला आणि वास्तू.

सरांचा नियम एकच. "माणूस आला की बिल्डिंग मेली."

म्हणजे माणसं हटेपर्यंत थांबायचं. वाशी स्टेशनात!

मी कंटाळून बाहेर सटकलो. एक पेंटर दुकानाचा बोर्ड रंगवत होता, तेच बघत बसलो. काय हात होता त्याचा... असो.

परत आलो तर आत राडा. खांबापाशी, उन्हाच्या पट्ट्यात सुनंदाची आत्या टेकलेली. बाजूला कोलंबीची टोपली.

सर हात उडवत, "ओ मावशी, उठा! शूट चाललंय!"

सुनंदा कॅमेऱ्यामागून, "आत्या, बस गो तू. हालू नको."

"कवरा येल बसू? माजी कोलंबी नासल!"

खटॅक.

"रोल फुकट घालवलास," म्हणत सर पाय आपटत गेले.

सगळ्यांचे रोल धुवायला सरांनीच नेले. सुनंदाच्या निगेटिव्हची एक पट्टी परत आलीच नाही. लॅबने खराब केली म्हणे.

वर्षभरात तोच फोटो प्रदर्शनात. ऊन, आत्या, कोलंबी, सगळं. सरांच्या नावाने. वर बक्षीस.

पण सरांची एक चूक झाली होती. लॅबमधून पाकिटं आणायला त्यांनी मला पाठवलं होतं. मला!

मी रस्त्यातच पाकिटं उघडून बसलो. सुनंदाच्या पाकिटात काँटॅक्ट शीट होती, अख्खा रोल एका कागदावर, बारीक, नंबरवार. ती मी ढापली. अठरा नंबरला सर हात उडवताना जाम भारी दिसत होते म्हणून.

एकोणीसला आत्या.

प्रदर्शन बघितल्यावर शीट सुनंदासमोर धरली. "चल, आत्ताच दाखवू सगळ्यांना."

"नको रे. त्यांच्याच स्टुडिओत कामाला लागलेय मी. घरात कमावनारी मीच हाय. मी हाय तवर तोंड उघडू नको. माजी शपथ."

नाही उघडलं. ती वर्षानुवर्षं त्या स्टुडिओत राबली. समोरच्या भिंतीवर तोच फोटो.

काल शपथ सुटली.

सर, शीट इथे टाकलीय, तुमच्या पोस्टखालीपण. झूम करा, अठरा नंबरला तुम्हीच आहात. ज्या बाईला हाकलत होतात, तिच्यावरच बक्षीस घेतलंत. डिलीट करा, परत टाकीन. रोज टाकीन. मला दुसरा कामधंदा नाही, तुम्हाला माहितीय.

सुनंदा, आता मला अडवायला तू नाहीस. तेवढंच मनाला लागलंय.

फोटो: सुनंदा म्हात्रे, बोनकोडे.

शेवटचा नमस्कार गं.