शेवटच्या झाडापासून सुरू होणारं पाणी

आधी माझी बाजू सांगते. मी वाळूजला कारखान्यांची कंट्रोल पॅनल दुरुस्त करते. एखादं मशीन आपोआप चालू झालं की बाकीचे देवाचं नाव घेतात आणि मी मल्टिमीटर घेते. आजवर प्रत्येक 'आपोआप'च्या मागे ढिली वायर, गंजलेला स्क्रू नाहीतर मेलेली पाल सापडली आहे. असले भुताखेतांचे अनुभव वाचून खुसूखुसू हसणाऱ्यांतली मी... आणि आज स्वतःच लिहायला बसलेय. कुणी घाबरावं म्हणून नाही. माझ्या सासूबाईंना घाबरवायला निघालेल्यांना एकदा लेखी उत्तर द्यायचं होतं, म्हणून.

तेव्हा गावाचं नाव औरंगाबाद होतं. आम्ही शहरातल्याच सातारा परिसरात राहतो, रेल्वे रुळांच्या पलीकडे. प्लॉट घेतला तेव्हा आजूबाजूला बाजरी डोलायची. बघता बघता चारी बाजूंनी अपार्टमेंट उठली, पण नळ काही आला नाही. टँकर आणि बोअर, एवढ्यावर सगळं. त्या लागोपाठच्या दुष्काळात बोअरनंही हात टेकले.

मागच्या अंगणात सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची बाग होती. किचनच्या दाराशी मेथी-पालकाचे वाफे, मग मोगरा, मग लिंबू-कढीपत्ता, आणि पार टोकाला, कंपाउंडला लागून, मोसंबीचं झाड. आंघोळीचं, धुण्याचं पाणी गाळून आम्ही गच्चीवरच्या वेगळ्या टाकीत चढवायचो आणि तिथून ठिबकनं झाडांना द्यायचो. मी दिवसभर कामावर, नवरा शिफ्टला, सासूबाईंचे गुडघे गेलेले. म्हणून मी घरीच कंट्रोलर बनवला : प्लास्टिकचा डबा, त्यात टायमरचा बोर्ड, चार रिले, आणि बागेत चार व्हॉल्व्ह. संध्याकाळी आधी एक नंबर उघडायचा, मग दोन, तीन, आणि शेवटी चार, म्हणजे मोसंबी.

आप्पांना हा क्रम कधीच पटला नाही. ते गंगापूरकडं कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं, हे बघण्यात त्यांची नोकरी गेली.

"टेलपासून सुरू कर," ते म्हणायचे. "कालव्याच्या शेवटाला जो बसलाय त्याला आधी द्यायचं. तोंडाशी बसलेला कसंबी घेतोच."

"आप्पा, इथं पाणी चोरायला कोण बसलंय? मेथी?"

"मेथी बी चोरती. तुला नाय ठावं."

मी क्रम बदलला नाही. भाजी रोज पोटात जाते, मोसंबी वर्षातून एकदा. माझं तेव्हाही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे.

त्याच उन्हाळ्यात आप्पा गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि थोड्याच दिवसांत मेथी वाळून कोळसा झाली. उलट मोसंबीला भर उन्हाळ्यात कोवळी पालवी! मी संध्याकाळी मुद्दाम समोर उभी राहिले. चार नंबर आधी उघडला. मग तीन, मग दोन. एक नंबरची पाळी येईपर्यंत टाकी रिकामी.

सेटिंग तपासलं – एक, दोन, तीन, चार. जसंच्या तसं.

आता तुमच्यातले हुशार लोक जे जे सुचवणार आहेत, ते सगळं मी केलेलं आहे. आमच्याकडं लाईट जाता-येता व्होल्टेज उडी मारतं, म्हणून कंट्रोलर पंपाच्या लाईनवरून काढून वेगळा केला, फ्यूज बसवला, सर्ज प्रोटेक्टर बसवला. व्हॉल्व्ह बंद होताना कॉइलमधून उलटा झटका येतो आणि बोर्ड बावचळतो, म्हणून प्रत्येक कॉइलला डायोड लावले. मुंग्या-पालींसाठी डबा सील केला, आत ओल शोषणारी पुडी ठेवली. वायरी खालून वळवून आत घेतल्या, म्हणजे त्यांच्यावरून पाणी ओघळून आत यायला नको. व्हॉल्व्ह खोलून कचरा धुतला. शेवटी वैतागून क्रांती चौकाजवळच्या दुकानातून कोरा बोर्ड आणला... पुन्हा तेच. चार, तीन, दोन, एक.

मग मी डाव टाकला. बोर्ड उलटा चालतोय ना? मग वायरीच उलट्या लावते. मोसंबीची वायर एक नंबरच्या टर्मिनलला, वाफ्यांची चारला. आता तो उलटा चालला की वाफ्यांना आधी पाणी मिळणार.

त्या संध्याकाळी बोर्ड सुलटा चालला. एक, दोन, तीन, चार, शहाण्या मुलासारखा. आणि पाणी आधी मोसंबीला गेलं.

मला पहिल्यांदा घाम फुटला तो तेव्हा. भीतीनं म्हणा. लपवत नाही. वायरी परत होत्या तशा लावल्या, तर बोर्ड पुन्हा उलटा. नवरा म्हणाला, "तू आणि तुझा डबा काय ते बघून घ्या."

घरातली गोष्ट घरात राहिली असती, पण ती पुण्याला मोठ्या भाऊजींपर्यंत गेली. त्यांना प्लॉट विकायचाच होता, त्यात हे आयतंच हातात आलं. फोन सुरू झाले. "आप्पांचा जीव अडकलाय तिथं. घर बरोबर नाही. आईला मी फ्लॅटवर घेऊन येतो." शांती करा, डबा फेका, झाड तोडा... रोज नवीन. सासूबाई आधी उडवून लावायच्या. मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, "जाते बाई. माझ्यापायी तुमच्या डोक्याला ताप कामून?"

मला रडू आलं आणि रागही. पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये, बाविसाव्या मजल्यावर ही बाई काय करणार होती? इथं सकाळी उठून झाडाबुडी खुर्ची टाकून बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. मी ठरवलं – यंत्रात बिघाड आहे आणि तो मी भाऊजींच्या समोर दाखवणार.

रविवारी भाऊजी गाडी घेऊन आले. सासूबाईंची बॅग दाराशी. मी म्हटलं, "भाऊजी, पाच मिनिटं मागं चला." भर दुपार होती. त्यांच्यासमोर मी मेन स्विच बंद केला. लाईट गेली तर म्हणून डब्यात ठेवलेली बॅटरीही काढली. चारही वायरी टर्मिनलमधून उपसून त्यांच्या हातात दिल्या.

"धरा. आता यात जीव नाही. हे व्हॉल्व्ह करंटशिवाय उघडत नाहीत. आता काही झालं तर मला सांगा."

आम्ही उभे राहिलो. काहीच झालं नाही. भाऊजी वायरींकडं बघत होते, मी मनातून जिंकलेच होते. आणि मोसंबीच्या बुडाशी टिक् आवाज आला. ठिबकच्या तोंडाशी थेंब आला, दुसरा आला, मग धार लागली.

चार नंबरचा व्हॉल्व्ह मी त्याच आठवड्यात नवा बसवला होता. क्षणापूर्वी तो बंद होता, माझ्या डोळ्यांसमोर. भाऊजींनी वायरी खाली टाकल्या.

"आई, चल," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. बघितलं ना आता?"

सासूबाई काठी टेकत तिथवर आल्या होत्या. धारेकडं बघत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि खुर्ची ओढून बसल्या.

"बघितलं की. पाणी चोरीला गेलं असतं तर आले असते तुझ्यासंगं. झाडाला गेलं ते. त्यात भ्यायचं काय?"

"आई, हे साधं नाही."

"व्हय, नाय साधं. तुझा बाप तरी कुठं साधा होता? चाळीस वर्सं निभावलं मी. आता भिऊ व्हय? चहा पी अन् नीघ. बॅग घरात ठेव जाता जाता."

गोष्टीत असतं तर एवढ्यावर पाणी थांबलं असतं. इथं थांबलं नाही. मीच खाली बसून पाइपावरचा कॉक हातानं बंद केला. भाऊजींनी चहा घेतला नाही, पण बॅग मात्र आत नेऊन ठेवली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. प्लॉट विकला नाही, झाड तोडलं नाही, शांतीही केली नाही. वायरी बाहेर असताना तो व्हॉल्व्ह कसा उघडला, याचं उत्तर माझ्याकडं नाही. कुणाकडं असेल तर खुशाल सांगा, पण आधी मीटर घेऊन या. "आत्मा" म्हणणाऱ्यांनाही तेच सांगणं आहे.

पुष्कळ जण म्हणतात, क्रम उलटा करून टाक, विषय संपेल. नाही करणार. मी आजही एक, दोन, तीन, चार असंच सेटिंग ठेवलंय आणि ते आजही चार, तीन, दोन, एक असंच चालतं. मेथीला मी तांब्यानं पाणी घालते. सासूबाई खुर्चीत बसून आमच्या दोघांची जिद्द बघत असतात. बघू कोण आधी थकतंय ते.