वासराने चाटलेला पूर

अर्धी डाळ निवडून झाली होती, अर्धी सुपातच होती. तेवढ्यात धाकटी जाऊ धापा टाकत अंगणात आली. "ताई, चला लवकर! वासरानं पूर चाटला!"

मला वाटलं, हिला ऊन लागलं.

पूर म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, आमच्या भाऊजींच्या पडद्यावरचा. भाऊजी धंद्याने शिंपी. पण सुगी संपली की गावजेवण आणि नाटक होतं, त्याचा पडदा तेच रंगवतात. नाकावर बारा महिने रंग, म्हणून सारा गाव त्यांना ठिपका म्हणतो. देखावा दरवर्षी तोच: मोडका पूल आणि आजोबांच्या वेळचा पूर. यंदा नाटकमास्तरांनी शहरातून छापील पडदा भाड्याने आणायचं काढलं होतं. भाऊजींनी विनवण्या करून एवढंच पदरात पाडून घेतलं, की आज दुपारपर्यंत पडदा तयार झाला तर ठिपक्याचा, नाहीतर छापील. छापील एकदा आला की भाऊजींना पुढे कोण विचारणार?

पडदा वर चढेपर्यंत तोंडात कण घालायचा नाही, हा त्यांचा नेम. देवाचंच काम आहे म्हणतात, आणि मला ते पटतं. पण यंदा नेमच नडला. कापडाला खळ द्यायला बिनमिठाची पेज वेगळी काढली होती. भाऊजींनी शेजारचं, जेवणाच्या मीठ घातलेल्या पेजेचं पातेलं उचललं. बोट चाटलं असतं तरी कळलं असतं! रंगवलेला पडदा गोठ्याच्या भिंतीवर वाळत घातला आणि वासराला पर्वणीच लाभली.

आम्ही पोचलो तेव्हा पूल जागेवर होता, खालचं पाणी पार नाहीसं. वासराची जीभ निळी. भाऊजी डोक्याला हात लावून उकिडवे बसलेले.

"ठिपक्या, पूर ओसरला की रे!" कुंभाराची म्हातारी आई म्हणाली, आणि सगळ्यांना हसू फुटलं.

"हसताय काय, मावशी? मास्तर आता गाडी धाडतील शहराला."

"मग ओसरल्यावर काय झालं ते काढ. दरसाल बुडवतोसच आम्हाला, एकदा बाहेर काढ की! कुणाची चूल राहिली नव्हती. पुलापाशी एकच चूल मांडली, अन् सगळा गाव एका पंगतीत जेवला. मी आईच्या मांडीवर होते म्हणे. तेच तर हे आपलं गावजेवण."

भाऊजी ताडकन उठले. यावेळची पेज मी स्वतः चाखून दिली. गेरू, कोळसा, चुना, हाताला लागेल ते घेऊन त्यांनी पंगत बसवायला घेतली. म्हातारी शेजारून सांगत होती, कोण कुणाशेजारी बसलं होतं, कोण कुणाशी बोलत नव्हतं. धाकटी वासराला धरून उभी. रंग अजून ओलाच होता, तोवर मास्तर येऊन ठेपले. पडद्यापाशी वाकून एकेक चेहरा बघू लागले.

"ही कडेची कोण?"

"तुमची आजी, मास्तर," म्हातारी म्हणाली. "तिसऱ्यांदा वाढून घेतेय."

मास्तर खो खो हसले. "छापील पडद्यावर आजी कुठून मिळायची? राहू दे ती गाडी."

देवा, तुझी लीला! भाऊजींना हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "भाऊजी, आता तरी दोन घास खा."

"आधी चढू दे, वहिनी," म्हणाले, आणि पडदा टांगायच्या कड्या आणायला लोहाराकडे निघाले.