दीड फेऱ्याचा माणूस

बेलवलीतले आमचे शेजारी भीमरावकाका अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर फिटर होते. निवृत्त झाले, पण हाताची सवय गेली नाही. कुठलाही स्क्रू असो, दीड फेरा फिरवायचा आणि थांबायचं. "जास्त पिळलं की आटे गेले!" त्यामुळे त्यांच्या घरातला एकूण एक नळ ठिबकतो, हे शेजारधर्म सोडून सांगतो.

परवा त्यांनी माळ्यावरून जुना टेप काढला. शीलाकाकू सोळाव्या वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात गायल्या होत्या, त्याची कॅसेट घरात होती. सून अस्मिता हसून म्हणाली, "आई आणि गाणं? काय पण!" काकू कणीक तिंबत राहिल्या. काकांना ते फार लागलं. आता ऐकवायचंच! पण टेपला हवे सहा व्होल्ट आणि घरातला अडॅप्टर बाराचा. तसाच लावला तर टेप जळणार.

म्हणून उल्हासनगरातल्या हरेशच्या दुकानातून त्यांनी व्होल्टेज कमी-जास्त करायचा बोर्ड आणला. काड्यापेटीएवढा, वर बारीक पितळी स्क्रू. मीटर लावून स्क्रू दीड फेरा फिरवला. मीटर बारावरच. "डिफेक्टिव्ह!" दुसरा आणला, तोही डिफेक्टिव्ह. मग भांडायलाच निघाले आणि साक्षीदार म्हणून मला ओढलं.

हरेशने बोर्ड तिथेच जोडला. "अरे अंकल, ये टाइट होनेवाला स्क्रू नहीं है. बस घुमाते जाओ."

तो फिरवतोय, फिरवतोय, काका डोळे मिटून आटे जायची वाट बघतायत, आणि एकाएकी आकडे उतरायला लागले. अकरा, नऊ, सात! काका दुकानात असे नाचले की गिऱ्हाईकं बाहेर सरकली.

घरी मात्र त्यांचा हात सुटला तो सुटलाच. फिरवता फिरवता चारावर गेले आणि त्याच भरात टेप जोडला. व्होल्ट कमी म्हणून टेप रेंगाळत फिरला आणि आवाज आला तो थेट रेड्याचा! अस्मिता पोट धरून खाली बसली.

"अहो, ही मी नाही!" काकू ओरडल्या.

काकांनी स्क्रू उलटा फिरवला. रेड्याचा बाप्या झाला, बाप्याची बाई झाली आणि सहावर एक पोरगी कोवळ्या, धीट आवाजात गायला लागली.

अस्मिताचं हसू थांबलं. "आई, ह्या तुम्ही?"

काकू लाजत होत्या, हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. मलाही भरून आलं, लपवत नाही.

काकांनी स्क्रूवरून हात काढला.

"थांबलात का?" काकू म्हणाल्या. "फिरवा की अजून, मला आणखी लहान व्हायचंय."

"जळेल गं," काका म्हणाले. "सोळा बास."