पत्त्याचा शेवटचा आकडा

कारखान्यात तिला सगळे खोडरबर म्हणत. सर्व्हर सांभाळणं हे तिचं काम. तक्रारींच्या पानावर नाव लिहायचं नव्हतं, पण कोणत्या कॉम्प्युटरवरून कोण आलं, त्याचा आकड्यांचा पत्ता सर्व्हर आपोआप टिपून ठेवतो. म्हणून तिनं अशी सोय केली, की नोंद होण्याआधीच पत्त्याच्या शेवटच्या आकड्याचं शून्य व्हावं. इमारत कळे, टेबल कळत नसे.

मग एक तक्रार आली. प्रेस मशीनची संरक्षक जाळी काढून ठेवली आहे, एकाची बोटं गेली. सोबत फोटो.

मॅनेजर तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"कोण हा घरभेदी?"

"सगळ्यांच्या शेवटी शून्य आहे, साहेब."

"शून्य तुझ्या डोक्यात आहे. फोटो बघ केवढासा आलाय. आधी मोठा पाठवला असणार, तो अडकला असणार. अडकल्याची नोंद वेगळी असते ना? ती काढ."

अशा अडकलेल्यांची नोंद चुकांच्या वेगळ्या फाईलमध्ये होई आणि त्या फाईलला तिनं हातच लावला नव्हता. पुढचं दार लावलं, मागचं सताड उघडं.

पडदा आपल्याकडे वळवून तिनं फाईल उघडली. अख्खा पत्ता. स्टोअरचा कॉम्प्युटर. तिथं एकच माणूस बसतं, तिची थोरली जाऊ. लग्न झाल्यापासून दोघींमधून विस्तव जात नव्हता.

"दिसलं?"

"दिसलं."

"मग वाच की!"

तिनं फाईल पुसली. पुढं अशी नोंदच होणार नाही, तेही करून ठेवलं. घाई केली नाही. पहिल्या वेळी घाईनंच घात केला होता.

"काय केलंस?"

"पुसली."

"ओळखपत्र ठेव टेबलावर आणि चालती हो. पुन्हा गेटवर दिसलीस तर याद राख!"

घरी जाऊ भांडी आपटत घासत होती. बातमी तिच्याआधी पोचली होती.

"घालवलीस नोकरी? दिवे लावलेस! घरचा गाडा कोण ओढणार आता, मी?"

"फोटो आधी लहान करायचा, मग पाठवायचा, जाऊबाई. एवढंही कळत नाही?"

जावेच्या हातातलं पातेलं थांबलं. चेहऱ्याचा रंग उडाला, पण मान काही खाली गेली नाही.

"तुझे उपकार नकोत मला."

"तुमच्यासाठी मी बोटसुद्धा हलवलं नसतं. काम माझं होतं, अर्धं राहिलं होतं."

जाऊ पुन्हा भांडी आपटायला लागली.