शेपट्या मालकाच्या, डोकी गड्यांची

तापल्या तव्यावर शेवंडीची शेपटी ठेवली की आधी काहीच होत नाही. मग कवचाच्या कडा हळूहळू तांबड्या होऊ लागतात आणि स्वयंपाकघरात एक गोडसर, खारट, किंचित जळकट वास पसरतो. ओहोटीनंतर उन्हात तापलेल्या खडकांना असतो तसा. म्हापशाच्या माझ्या दोन खोल्यांच्या घरातून समुद्र दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. काल दुपारी मात्र तो न विचारता आत आला आणि वहिनी जिथे बसली होती तिथे, खिडकीपाशी, जाऊन थांबला. वहिनीने मान वर केली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ती माझ्याकडे राहायला आहे, काळा चष्मा लावून बसते. पण नाकाला काही झालेलं नाही.

या शेपट्या माझ्या भाचीने पाठवल्या, म्हणजे वहिनीच्याच लेकीने. बर्फातलं पाकीट. ते आलं तेव्हा वहिनीने ते हातात घेऊन उलटसुलट चाचपलं आणि विचारलं, "डोकी खंय?"

"डोकी नसतत गो वहिनी हेच्यात. नुसत्या शेपट्यो."

"मगे डोकी कोण खाता?"

खरंच, कुठे जात असतील? हा प्रश्न अख्ख्या जगात फक्त माझ्या वहिनीलाच पडू शकतो, आणि का पडतो हे सांगायचं तर मला आमच्या गावी, लाटंबार्स्याच्या घरी जावं लागेल.

आमचं गाव भाताचं आणि काजूचं. समुद्र आमच्यासाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पिशवीत घालून यायचा, तोही बसच्या धक्क्यांनी अर्धमेला होऊन. गोवा मुक्त होऊन बरीच वर्षं लोटली होती, शिकलेल्या मुलांना सरकारी नोकऱ्या मिळत होत्या. माझ्या दादाला पेडण्याच्या एका कचेरीत जागा मिळाली आणि दोन वर्षांत तो किनाऱ्यावरची मुलगी पसंत करून घरी आला. आईने लग्नाला होकार दिला. सून तिला आवडली असं मात्र कुणीही म्हणालं नसतं. माझी आई मनाने वाईट नव्हती, पण तिच्या चुलीचा कारभार ती देवालाही सोडणारी नव्हती. पाट्यावर वाटण वहिनीने वाटायचं, नारळ वहिनीने खवायचा. मीठ घालायचं ते आईने. पहिली काही वर्षं वहिनीने आमच्या घरात एकही पदार्थ स्वतःचा म्हणून शिजवला नाही.

तिच्याजवळ मिरवण्यासारखं एकच होतं आणि ते ती मनसोक्त मिरवायची. "शेवंडीच्या हुमणासारखां दुसरां हुमण नाय," असं म्हणताना तिचा सावळा चेहरा उजळायचा. तिची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे चुलीपाशी ती फार लवकर बसली होती. हुमण म्हणजे आमच्याकडचं माशाचं कालवण: खोबऱ्याचं वाटण, तिरफळं, आमसुलं, आणि मंद आगीवर रटरटू द्यायचं, वर केशरी तेलाचा तवंग येईपर्यंत. ती सांगायची आणि आम्ही माणसं, ज्यांनी शेवंड कधी धड पाहिलीही नव्हती, गिळत बसायचो. आईसुद्धा ऐकायची, पाठ फिरवून.

वहिनीचे वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते. उंच, वाकलेले, मिठाने चिरलेल्या हातांचे. लेकीला भेटायला यायचे ते तीन बसगाड्या बदलून, आणि आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवू नये, ही आमच्याकडची रीत. "पोट भरलेलां आसा," असं म्हणत ते ओसरीवर बसायचे, लेकीकडे पोटभर बघून घ्यायचे आणि परतीच्या बसला जायचे. त्यांचं ते कोरडं परतणं मला फार लागायचं. वहिनी तर ते गेल्यावर विहिरीवर जाऊन बराच वेळ उगाचच भांडी घासत राही.

म्हणून भाची जन्मली तेव्हा वहिनीला एका सुखाबरोबर दुसरं मिळालं. आता बाप तिच्या हातचं जेवणार होता. बारशाला शिवराक, म्हणजे बिनमाशांचं जेवण, आणि तिचे वडील त्या वेळी नेमके समुद्रावर. त्यांनी निरोप धाडला की पुढच्या बुधवारी येतो. आणि त्या बुधवारी आईने काय केलं असेल? सकाळीच हातातलं चुलीचं फडकं दोरीवर टाकलं, चुलीपासून दोन हात लांब स्वतःचा पाट मांडला आणि म्हणाली, "आज चूल तुझी."

वहिनीचे वडील आले ते काखेत टोपली घेऊन. वर ओलं गोणपाट, आत बर्फाचा चुरा, आणि त्यात जाडजूड, काळसर हिरव्या शेपट्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मालकाकडे काही मागितलं होतं. नातीसाठी. आई हरखली, शेजारच्या दोघी बघून गेल्या. वहिनी तेवढी टोपलीत बघत राहिली. मी मागून गेले तर कानाशी पुटपुटली, "शेपट्यो कशो करतत गो? आमच्या घरात शेपटी कधी इलीच नाय."

तेव्हा मला कळलं. किनाऱ्यावर होडी लागली की शेवंडीची मान पिरगळायची, शेपट्या मालकाच्या, डोकी गड्यांची. शेपट्या बर्फात बसून ट्रकने आणि पुढे विमानाने कुठल्या कुठे जायच्या. ज्या हुमणाचं आम्ही इतकं ऐकलं ते डोक्यांचं हुमण होतं. तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं; तिच्या लेखी शेवंड म्हणजे डोकंच. आता हे बाहेर बोलायचं कुणाजवळ? ओसरीवर बाप बसलेला, चुलीपाशी सासू. वहिनीने पदर खोचला आणि डोक्यांना जितका वेळ द्यायची तितकाच शेपट्यांना दिला. डोक्यातला रस हळूहळू उतरतो, त्याला वेळ लागतो. शेपटीला उतरवायला काहीच नसतं. ती नुसती आखडत जाते.

रस्सा देखणा झाला होता. वर केशरी नसला तरी तवंग होता. व्याही पानावर बसले, भात कालवला, आणि शेपटीचा तुकडा तोंडात घातला. मग ते चावू लागले. दादा चावू लागला. माझे बाबा चावू लागले. घरात नुसती चावण्याची शांतता. तुकडा या गालातून त्या गालात जात होता आणि संपत नव्हता. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि मला वाटलं, आता आई बोलणार. सुनेवर बोलायची इतकी तयार संधी तिला कधी मिळाली नव्हती.

आई बोललीच. "चूक माझी, व्याह्यांनु. चेडू मंद आग ठेव म्हणा होतां, मियाच लाकडां सारलंय."

आईने त्या दिवशी चुलीला हातही लावला नव्हता. वहिनीने वळून तिच्याकडे बघितलं. आई भाताच्या पातेल्यात बघत होती.

व्याह्यांनी मात्र घास गिळला, वर पाणी घेतलं आणि लहान मुलासारखा प्रामाणिक प्रश्न विचारला, "मगे हेच्यासाठी ते इमानान नेतत?" कुणी हसावं की नाही या विचारात असताना तेच खदखदून हसले. "ह्येच्यापरास आमची डोकीच बरी!" त्यांना वाटलं, शेपटी अशीच असते. जन्मभर त्यांनी हजारो शेपट्या मोडून दुसऱ्याच्या टोपलीत टाकल्या, आणि कुठेतरी मनात असणारच की, काय असेल त्यात. ते ओझं त्या दुपारी आमच्या पानावर उतरलं. पोटभर भात जेवून, नातीच्या हातात नाणं ठेवून, ते मोठ्या आनंदात बसला गेले. पुढे किनाऱ्यावर सगळ्यांना सांगत असत म्हणे, मी खाऊन बघितली, काही नाही त्यात, दोरी चावल्यासारखी. संध्याकाळी आई वहिनीला एवढंच म्हणाली, "फाल्यापासून चूल तूच बघ. शेपट्यो सोडून." त्या घरात शेवंड पुन्हा आली नाही. त्याची गरजही उरली नाही.

आता आई नाही, व्याही तर कधीच गेले. मीही शेपटी शिकले ती मोबाइलवर बघून, निवृत्तीनंतरच्या हौसेने. कवच मधोमध कापायचं, लोणी नाहीतर खोबरेल, चिमूटभर मीठ, आणि आतलं मांस पांढरं झालं की क्षणभरही न थांबता उतरवायचं. इतकं सोपं. काल मी ती अशी उतरवली, बशीत काढली, चमचा दिला आणि वहिनीसमोर ठेवली. तिने चष्मा काढला. डॉक्टरांनी नको म्हटलं असूनही मी ओरडले नाही. तिने एक तुकडा खाल्ला. तो तिच्या तोंडात विरघळला हे मला समोरून दिसलं.

खाली पाव विकणाऱ्या पदेराची सायकल पों पों करत गेली. मी म्हटलं, आवडली नाही की काय. तिने दुसरा तुकडा घेतला नाही. बशी हळूच बाजूला सारली, जशी एखादी जड वस्तू सारावी, आणि म्हणाली, "बरां झालां गो. बाबाक ह्यां कधी कळलां नाय."

चांगल्या चवीने माणूस सुखावतो असं मी आजवर समजत आले. काही चवी उशिरा पोचतात आणि पोचल्यावर कुणाला किती नाकारलं गेलं होतं तेच सांगून जातात. आईचं खोटं आणि वहिनीची चूक, दोन्हींनी मिळून एका माणसाला त्याचं आयुष्य पुरेसं वाटू दिलं. याहून मोठं आदरातिथ्य आमच्या घराने कुणाचं केलं असेल असं मला वाटत नाही. उरलेल्या शेपट्या मी फ्रीजमध्ये ठेवल्या आहेत. आज सकाळी वहिनी म्हणाली, बाजारात जाशील तेव्हा मासेवालीला विचार, डोकी मिळतात का. मिळाली तर हुमण ती करणार आहे, आणि मीठ, ती मला म्हणाली, तू घाल.